सासरे आणि झेनॉनचा दिवा

माझ्या सासऱ्यांना चालू दिवा बघवत नसे. दिल्लीत सरोजिनी नगरला माझ्या नवऱ्याला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये दोनच खोल्या होत्या, पण तेवढ्या दोन खोल्यांत त्यांची दिवसभर गस्त चाले. मी पुस्तक घेऊन बसलेली असताना ते दारातून नुसता हात आत घालत, बटण दाबत आणि मग डोकावून म्हणत, "अच्छा, तू आहेस होय." एवढं म्हणून निघून जात. दिवा परत लावत नसत. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला वाटलं, विसरले असतील. मग कळलं की बंद केलेला दिवा परत लावणं हे त्यांच्या हिशेबात बसतच नाही. उठून मीच लावायचा, आणि त्यांनी बाहेरून "वेस्टेज" असं ऐकू येईल इतपत पुटपुटायचं.

केंद्र सरकारच्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेला माणूस. सरकारी पंखे, सरकारी टेबलं, सरकारी टाचण्या सांभाळण्यात जन्म गेला. घरात काटकसर असावी, मला मान्य आहे. मीसुद्धा ऐश्वर्यात लोळत वाढले नव्हते. पण यांची काटकसर वस्तूसाठी नव्हती, माणसाला खाली बघायला लावण्यासाठी होती. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. गुडगावला नव्या कॉलन्या उठत होत्या, मोहरीच्या शेतांच्या मधोमध संगमरवरी जिने असलेली घरं उभी राहत होती, आणि त्या घरांच्या रांगेत एक नर्सिंग होम निघालं होतं. मानेसरकडच्या कारखान्यांतले मॅनेजर आणि जमीन विकून गब्बर झालेली कुटुंबं तिथे येत. मला तिथे बरा पगार मिळाला म्हणून मी गेले. मालक डॉक्टरला लायसन्स, पाणी, आग विझवण्याची व्यवस्था, या सगळ्यासाठी सरकारात मुरलेला कोणीतरी हवा होता. माझ्या नवऱ्याने मला एका शब्दाने न विचारता बाबांचं नाव सुचवलं. महिन्याभरात सासरे आमचे ॲडमिनिस्ट्रेटर झाले.

झालं. आता घरी जो माणूस दिवे बंद करायचा तोच कामावरही आला. आम्ही दोघं सकाळी नोकरदारांसाठी ठरवलेल्या एकाच चार्टर्ड बसने जात असू. ते पुढच्या सीटवर, मी मागच्या. घरी मी त्यांना बाबा म्हणत असे, तिथे सर म्हणावं लागे. एकदा चुकून सगळ्यांसमोर बाबा म्हटलं तर संध्याकाळी घरी पोचल्यावर मला पदाची प्रतिष्ठा समजावून सांगितली. सासूबाई तेव्हा दारात उभ्या होत्या. त्या सहसा बोलतच नसत.

त्याच सुमारास परदेशी मशिनं आणणं सोपं झालं आणि मालकाने दुर्बिणीतून ऑपरेशन करायचा नवा संच मागवला. हायवेवर मोठा बोर्ड लागला: बिना चीरे का ऑपरेशन. त्या संचातली मला सगळ्यांत आवडलेली वस्तू म्हणजे कॅमेरा नव्हता, टीव्हीही नव्हता. ती म्हणजे लाइट सोर्स, उजेडाची पेटी. पेटी दिसायला जुन्या रेडिओएवढी. तिच्यात झेनॉनचा दिवा. त्याचा उजेड एका जाड केबलमधून दुर्बिणीत जाई आणि दुर्बिणीतून पोटात. आधी आमच्याकडे नुसत्या तपासणीच्या दुर्बिणीला हॅलोजनचा होता. त्याच्या उजेडात चरबी, आतडं, पित्ताशय, सगळ्यावर एक पिवळट झाक असे, आणि सर्जन डोळे बारीक करून बघत बसे. झेनॉन लावला की आत भरदुपार. रक्त लाल दिसे, पित्त हिरवं दिसे, नस कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते ते कळे. मी पहिल्यांदा तो उजेड पाहिला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. त्या इमारतीत मला आनंद झाल्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा लक्षात आहे.

नवा आला तशी मी जुना हॅलोजनचा सोर्स पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. एक दिवस बघते तर कपाट रिकामं. बाबांनी तो कंडेम केला होता. सरकारी रीतच तशी, नवी वस्तू आली की जुनी निकामी ठरवायची आणि विकून टाकायची. गंजलेल्या दोन खाटांबरोबर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला होता.

"तो चालू होता," मी म्हटलं. "नवा बंद पडला तर काय लावणार?"

"एकाच कामाच्या दोन वस्तू स्टॉकवर ठेवायच्या? ऑडिट काय म्हणेल?"

"इथे ऑडिट नसतं, बाबा."

"सर म्हण," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण उपयोग काय? मालकाकडे गेले तर तो हसून म्हणाला, "सिस्टर, ये तो आपके घर का मामला है." पुढे हे वाक्य मला त्या इमारतीत सगळ्यांनी ऐकवलं. आमचा सर्जन दिल्लीहून यायचा. त्याची आणखी दोन हॉस्पिटलं होती, इथल्या भांडणात पडायला त्याला वेळ नव्हता. त्यानेही तेच म्हटलं. सून बोलते आहे सासऱ्यांविरुद्ध, बोलू दे. दिव्याचं काय ते कोणी ऐकूनच घेत नव्हतं. बरं, आपोआप दुसरा दिवा लागायची सोय असलेलं मॉडेलही बाजारात होतं. ते मालकाने घेतलं नव्हतं. बोर्डावर काही ते दिसणार नव्हतं.

मग बाबांचा नियम निघाला. दोन ऑपरेशनांच्या मधे लाइट सोर्स बंद करायचा. आणि पेटीवर बंद करायचा नाही, भिंतीवरच्या बटणाने करायचा, कारण पेटीवर बंद केला तरी पुढचा छोटा लाल दिवा वीज खातो.

कंपनीचा इंजिनियर मशीन बसवायला आला होता तेव्हा त्याने मला नीट सांगितलं होतं. हा साधा बल्ब नाही. पेटताना त्याच्या दोन टोकांमधे मोठ्या दाबाची ठिणगी पडते, आणि दर ठिणगीला त्याचं आयुष्य झिजतं. तासभर जळून जेवढा झिजणार नाही तेवढा पुन्हा पुन्हा पेटवून झिजतो. त्यातून तो गरम असताना पेटवणं सगळ्यांत वाईट. बंद केला तरी आतला पंखा थोडा वेळ फिरायला हवा. भिंतीवरचं बटण दाबलं की पंखाही थांबतो आणि दिवा स्वतःच्याच उष्णतेत भाजत राहतो. हे सगळं मी बाबांना सांगितलं. थिएटरमध्ये सांगितलं, बसस्टॉपवर सांगितलं, जेवताना ताटावर सांगितलं.

"गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवतेस का तू?" ते म्हणाले.

नवरा पेपरच्या मागे होता. सासूबाईंनी मला आणखी एक पोळी वाढली.

पेटीवर तास मोजणारा एक काटा होता. दिवा किती तास जळला ते त्यावर दिसे. बाबा रोज सकाळी थिएटरच्या दारात चप्पल काढून आत येत, वाकून तो बघत आणि खूश होत. वीज मंडळाचं मीटर सावकाश फिरताना बघून व्हावा तसा त्यांना आनंद होई. मी सांगून थकले की त्यावर तास दिसतात, ठिणग्या दिसत नाहीत. दिवा मधूनच लुकलुकायला लागला तेव्हा मी दुसरा दिवा मागवा म्हणाले. त्यांनी मला त्या पेटीपाशी नेलं आणि बोट ठेवून दाखवलं. अजून अर्धंही आयुष्य झालेलं नाही, बिल्कुल नाही.

हे चाललेलं असताना सासूबाईंचं पोट दुखत होतं. जेवल्यावर त्या उजव्या कुशीला हात लावून ओट्याला टेकत आणि कोणी आलं की सरळ होत. शेवटी मीच त्यांना तपासायला नेलं. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन म्हटल्यावर त्या साफ नाही म्हणाल्या. त्यांच्या सोलापूरच्या थोरल्या बहिणीचं हेच ऑपरेशन पोट उघडून झालं होतं. शिवण नीट भरली नाही, हर्निया झाला, आणि ती बाई उरलेला जन्म पोटाला पट्टा बांधून खुर्चीवर बसून राहिली. सासूबाईंना खुर्चीची भीती होती. त्या भाजी विळीवर चिरत. दिल्लीत सगळ्या बायका ओट्यापाशी सुरीने चिरू लागल्या तरी या आपल्या सकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर बसायच्या, विळी पुढे ओढायच्या, आणि तेवढा वेळ त्यांना कोणी काही सांगितलेलं चालत नसे. नवऱ्याने सांगितलेलंसुद्धा. त्या घरात त्यांची स्वतःची अशी तेवढीच जागा होती.

"मला विळीवर बसता येईल का?" त्यांनी मला विचारलं. मरण्याचं विचारलं नाही.

"येईल," मी म्हटलं. "चार लहान भोकं. मोठा छेद नाही. मी तिथे उभी असेन. माझा शब्द."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या आमटीत इतकी वर्षं मीठ घालून घेणारी बाई ती. "तू म्हणतेस तर," त्या म्हणाल्या.

मी हयगय केली नाही. इंजिनियरला बोलावून दिवा तपासून घेतला. तो म्हणाला, दिवा म्हातारा झालाय, नवा मागवा, पण तोवर एकदा पेटवलात की सलग चालू ठेवा, दगा देणार नाही. मालकाने नवा मागवलाय असं सांगितलं. कधी येणार ते सांगितलं नाही, आणि सासूबाईंचं दुखणं थांबायला तयार नव्हतं. मी अटेंडंटला बजावलं की आज बटणाला कोणी हात लावायचा नाही.

त्या सकाळी आधी एक छोटी तपासणी होती. ती झाली. मी उजेड कमी केला, पण दिवा तसाच चालू ठेवला, केबलचं टोक कापडावर न ठेवता स्टीलच्या वाटीत ठेवलं, कारण त्या टोकाने कापड जळतं, आणि हात धुवायला गेले. सासूबाईंची ट्रॉली दाराबाहेर लावली होती. त्या जाग्या होत्या. मी कोपरापर्यंत साबण लावत होते तेव्हा बाबा आले. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, घाबरू नकोस म्हणाले. मग त्यांची नजर दारातून आत गेली. थिएटर रिकामं होतं आणि वाटीतून एक पांढरा पट्टा छताला लागला होता.

"बाबा, बंद करू नका," मी ओरडले. सर म्हणायचं सुचलं नाही.

ते आत गेले. चप्पल घालूनच गेले. "रिकाम्या खोलीत दिवा? घरचं माणूस आहे म्हणून नियम बदलत नाही," ते म्हणाले आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पंख्याचा आवाज थांबला. माझे हात साबणात होते. ते नसते तर मी त्या माणसाचा हात धरला असता, आणि सासरा म्हणून सोडला नसता.

अटेंडंटने तो परत लावला. पहिल्यांदा पेटला नाही. नंतर पेटला. सर्जन आला, पडद्यावर बघून म्हणाला, "जल रहा है ना? चलिए." सासूबाईंना भूल दिली. चार भोकं पडली. मी म्हटलं होतं तशीच, छोटी. दुर्बीण आत गेली आणि सगळं स्वच्छ दिसलं, खड्यांनी फुगलेलं पित्ताशय, त्याची मान. सर्जन नस मोकळी करत होता तेव्हा थोडं रक्त आलं. ते नेहमीच येतं, बघून चिमटा लावायचा असतो. पडदा एकदा लुकलुकला, आतलं सगळं तपकिरी झालं आणि काळं झालं.

"लाइट," सर्जन म्हणाला.

अटेंडंट बटण दाबत होता. टक, टक. दिवा तापलेला होता, पेटणार नव्हता. मला ते माहीत होतं तरी मी त्याला आणखी एकदा दाब म्हटलं.

"सिस्टर, लाइट."

आत रक्त वाहत होतं आणि आम्हाला काही दिसत नव्हतं. जुना हॅलोजन असता तर केबल बदलायला जितका वेळ लागतो तितकाच गेला असता. तो भंगारात होता. सर्जनने वरचा मोठा दिवा खाली ओढला. "ओपन करते हैं," तो म्हणाला आणि हात पुढे केला. मी सुरी दिली. माझा शब्द होता त्याच पोटावर, बरगडीखाली, तिरका लांब छेद गेला. सर्जनचा हात चांगला होता. रक्त थांबलं, पित्ताशय निघालं, जिवाला धोका राहिला नाही. मी शिवणीचे दोरे देत राहिले आणि मास्कच्या आत रडत राहिले.

बाहेर बाबा उभे होते. मी सांगितलं, दिवा गेला, पोट उघडावं लागलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते आत गेले, वाकून तासांचा काटा बघितला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मशीन डिफेक्टिव्ह दिलंय त्यांनी." त्या दिवशी मी त्यांचा जो तिरस्कार केला तसा आयुष्यात दुसऱ्या कोणाचा केला नाही. नवरा म्हणाला, झालं ते झालं. त्याच्याशी मी बरेच दिवस कामापुरतं बोलले.

ती नोकरी मी सोडली आणि दिल्लीतल्याच एका हॉस्पिटलात लागले. निदान बस वेगळी झाली.

सासूबाईंची जखम पिकली. मग भरली, पण बहिणीसारखीच नीट भरली नाही. पट्टा आला. जमिनीवर बसणं बंद झालं. विळी एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी माळ्यावर ठेवायला सांगितली, आणि ती मीच ठेवली. माझ्याशी त्या बोलेनाशा झाल्या. पाणी दे, औषध दे, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शब्द दिला होता आणि त्यांचं पोट शिवून आणलं होतं, याच्या पलीकडे त्यांना काय माहीत असणार? त्यांना आधीच गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं, त्यांनी काय ऐकलं असेल? आणि मी सांगायला जावं तर ते सासूकडे सासऱ्याची चुगली केल्यासारखं झालं असतं. मी मूग गिळून बसले. बघायला येणाऱ्यांना बाबा सांगत, "एका अर्थी बरंच झालं. उघडल्यामुळे डॉक्टरांना नीट दिसलं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. दर वेळी सासूबाई खिडकीबाहेर बघत.

थंडीतली एक दुपार. मी सुट्टीवर होते, आतल्या खोलीत वाचत बसले होते. तिथे खिडकी लहान असल्याने दिवा लागे. सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून ताटात सुरीने फरसबी चिरत होत्या. ऊन थेट त्यांच्या पायांवर येत होतं, तरी त्यांनी उठून, पट्ट्याला हात लावून, त्या खोलीतले दोन्ही दिवे लावले होते. मला ते विचित्र वाटलं, पण विचारायची सोय नव्हती.

बाबा बाहेरून आले. हात सवयीने बटणाकडे गेला.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या.

"दिवसाउजेडी?"

"राहू द्या म्हटलं ना. मी थिएटरच्या दाराबाहेर पडून होते, अहो. बटण दाबलेलं ऐकलं मी. तिने नको म्हटलं, तेही ऐकलं."

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. बाहेर सुरीचा आवाज परत सुरू झाला, सावकाश, एकसारखा. मग बाबांची पावलं आत माझ्या खोलीकडे आली. हरलेला माणूस जिथे आपलं चालतं तिथे जातो. दारातून हात आत आला आणि माझा दिवा बंद झाला. या वेळी "अच्छा, तू आहेस होय" हेही नव्हतं.

मी उठणार होते, नेहमीसारखी.

"अहो, तिचाही," सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

सुरी थांबली होती. त्या वाट बघत होत्या, आणि मीही अंधारात बसून वाट बघत होते. बाबा दोन पावलं गेले होते, तिथून परत आले. हात आत आला आणि त्यांनी बटण दाबलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्या माणसाने बंद केलेला दिवा परत लावला.

मी वर बघितलं नाही. पुस्तक उघडलं आणि पान शोधू लागले.